कट्ट्याला ओटीपी

पनवेलच्या नव्या टॉवरांच्या जाहिरातीत घर सगळ्यात शेवटी येतं. आधी ॲम्फीथिएटर, मग योगा डेक, मग 'ज्येष्ठ नागरिक कट्टा'. हा कट्टा पार्किंगच्या सहा मजल्यांच्या डोक्यावर. शेजारच्या इमारतीतल्या मित्राला तिथे यायचं तर गेटवर नाव, फ्लॅट नंबर आणि ओटीपी. ओटीपी सांगून गप्पा मारायला जाणारी ही बहुधा पहिलीच पिढी.

पनवेलची 1852 सालची नगरपालिका 2016 मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावाला वडाळे, कृष्णाळे, देवाळे असे तलाव आयतेच मिळालेले होते. काठावर बसायला कोणी सभासदत्व विचारत नसे. म्हणूनच बहुधा त्याला 'कम्युनिटी लिव्हिंग' म्हणायचं राहून गेलं.

हार्बर लाइनने थोडं अलीकडे या. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात सात-सात घरं एकेका अंगणाभोवती मांडली. अंगण साधारण आठ मीटर बाय आठ मीटर, थेट जमिनीवर, लिफ्टविना. त्याचे वेगळे 'ॲमेनिटी चार्जेस' लावायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

इकडे टॉवरातले आजोबा कट्ट्यावर जातच नाहीत. ते खाली वॉचमनच्या केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. दूधवाला, कुरिअरवाला, शाळेची बस, सगळी खबर तिथेच. सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय क्रमांक चार: प्रवेशद्वाराची शोभा जात असल्याने सदर खुर्ची हटवणे.