नसलेल्या ऐपतीचा दाखला

एडिसन, न्यू जर्सी
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकटा बंधू अनंता याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. चि. नंदूस येथील एखाद्या नामांकित विद्यापीठात धाडण्याचा मनोदय वाचून संतोष झाला. परंतु 'आर्थिक साहाय्याची अपेक्षा आहे काय?' या प्रश्नापुढे बाणेदारपणे 'नाही' लिहून मोकळे व्हावे आणि प्रवेश मंजूर झाल्यावर मग हळूच तोंड उघडावे, ही जी तजवीज आपण कळविली, तिने माझी झोप उडविली. अनेक विद्यापीठांचा दंडक असा, की परदेशी विद्यार्थ्याने आरंभी हात पसरला नाही, तर पुढली चारही वर्षे त्यास तो खिशातच ठेवावा लागतो. आणि खर्च तर शुल्क, खोली व भोजन मिळून वर्षाकाठी 85 ते 90 हजार डॉलरांच्या घरात जातो.

येथील सरकारी मदत परकीयांस नाही. जे मिळायचे ते विद्यापीठाच्या खजिन्यातून. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही मोजकी संस्थाने अशी, की परदेशी उमेदवाराचीही निवड करताना त्याच्या बापाच्या थैलीकडे डोळे मिटून घेतात. 2022 साली डार्टमथनेही तेच व्रत घेतले. मात्र हे डोळे मिटणे निवडीपुरतेच. मदतीचा आकडा ठरविताना तेच डोळे असे उघडतात, की आपल्या तलाठ्यानेही मान खाली घालावी. स्टॅनफर्डसारखी मातब्बर संस्था परदेशी मुलाची मागणी लक्षात घेऊनच निवड करते. म्हणजे तेथे मागणे जोखमीचे आणि न मागणे घातक.

वहिनींना बोर्डातल्या गुणांचा भरवसा आहे. त्यांस हळुवारपणे सांगावे, की आयव्ही लीग म्हणविणाऱ्या आठही विद्यापीठांत गुणांवर दमडी मिळत नाही, कारण तेथे येणारा जो तो आपापल्या गावचा पहिलाच. मिळते ती गरजेवर, आणि गरज किती हे ते ठरवितात, आपण नव्हे.

ती मोजण्यासाठी बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नामक अर्ज भरावा लागतो, ज्यात पगार, बँकेतील शिल्लक, घराची किंमत, कर्जे, औषधपाणी, सारा जमाखर्च मागितला जातो. दादा, आपल्या घराण्यात व्याह्यांना सांगायची मिळकत एक आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीवाल्यांना सांगायची दुसरी. या अर्जात तिसरी, म्हणजे खरी, लिहावयाची आहे, आणि तीच आपणांस निश्चित ठाऊक नसेल अशी मला धास्ती वाटते. वाईच्या जमिनीतले हळदीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून ते फॉर्म 16 मध्ये दिसत नाही. पण येथे लिहावेच लागेल. सातबारा चार चुलत्यांच्या नावे असल्याचा खुलासा करण्यास विशेष परिस्थितीचा रकाना आहे. त्यात आपल्या भाऊबंदकीचा समग्र इतिहास मावणार नाही, तेव्हा दावा प्रलंबित आहे एवढेच लिहावे, आणि कृपा करून कोणाचाही उद्धार इंग्रजीत करू नये.

मागण्यात कमीपणा मानू नका. 1913 साली डॉ. आंबेडकर कोलंबियात आले ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि पुढे बडोद्याची चाकरी करण्याचा करार लिहून देऊन. प्रिन्स्टनने तर 2001 सालीच आपल्या मदतीतून कर्जाचा भाग वगळून टाकला. तेथे मिळेल ते फेडावे लागत नाही. वरखर्चास नंदूने विद्यापीठातच ग्रंथालयात वा भोजनगृहात काम करावे. सत्र चालू असता आठवड्यास वीस तासांपर्यंत मुभा आहे. घरी त्याने कधी स्वतःचे ताट उचललेले मला स्मरत नाही, पण येथे दुसऱ्यांची उचलेल.

राहता राहिला अर्जातला नातेवाइकांकडून मिळणाऱ्या मदतीचा प्रश्न. तेथे माझ्या नावे काय लिहावे यावर आम्हां उभयतांत बराच खल झाला. मी फार विचारांती एक आकडा उच्चारला, तो आमच्या सौ.ने ऐकून घेतला आणि त्याच्या दुप्पट आकडा स्वहस्ते कागदावर लिहिला. तो कागद सोबत जोडला आहे. माझा आकडा तोंडीच होता, म्हणून दफ्तरी त्याची नोंद नाही.

अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणी जानेवारीच्या आरंभी संपते, म्हणून सातबाऱ्याचे भाषांतर त्वरित करवून घ्यावे. सौ. वहिनींस सा. न., चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
अनंता