शनिवारचे तेली

"काकू, करडईचं तेल आणलं का हो घाण्यावरून?"

"आज शनिवार हाय. शनिवारी तेल घरात आणतेत का?"

"अलिबागच्या इस्राईल आळीत शोभल्या असत्या तुमी!"

"आता ही कुठली आळी?"

"आमची थोरली मास्तरीण हाय ना तिकडं, ती फोनवर सांगत होती. बेने इस्राईल लोकांचा धंदा तेल गाळायचा, पण शनिवारी घाणा बंद म्हंजे बंद. लोक त्यांना शनिवार तेलीच म्हणायचे. ज्यू हो ते, पण बोली मराठी. हिब्रू पार विसरलेले. शनिवार पाळायचे, पोरांची सुंता करायचे अन् 'शेमा' म्हणून प्रार्थना हाय तेवढी पाठ. मग आला म्हणे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू. ह्यांचं ज्यूपण त्याला काय पटंना. त्यानं बायांपुढं मासे टाकले, म्हणला रांधा."

"रामकृष्णहरी! माळकरणीला मासे सांगतीस?"

"ऐका तर! बायांनी पर अन् खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्यांच्या धर्मात तेच चालतेत. पटली खात्री!"

"हुशार गडी. कधीची गोष्ट?"

"तिथंच सगळी भांडणं. कोचीनला एक डेव्हिड रहाबी होऊन गेला, १७२१ ते १७९१. बाप डच कंपनीशी व्यापार करणारा. लेकानं ज्यू पंचांगावर 'ओहेल दावीद' नावाचा ग्रंथ लिहिला. पण बेने इस्राईलांतल्याच केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिलाय, त्यात रहाबी पार हजार वर्षांमागचा! अन् काहीजण म्हणतेत, मैमोनिदीस म्हणून मोठा धर्मपंडित होता, त्याचा डेव्हिड नावाचा भाऊ हिंदी महासागरात बुडाला, तो बुडालाच नाही, कोकणात निघाला."

"अगं माय! आपल्या कवी मुकुंदराजांचं तरी काय येगळं? समाधी हितं अंबाजोगाईत, अन् विदर्भातले म्हणतेत, ते आंभोऱ्याचे. मला इचारशील तर तो पंचांगवालाच खरा. सणवार इसरलेल्यांना दुसरं कोण लागतंय?"

"शिकवलं मात्र त्यानं. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशी तीन घराणी निवडली, धर्म शिकवला अन् त्यांना काजी केलं. पुढं १९व्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या."

"थांब जरा. परीक्षेला बसल्या बाया, अन् काजी झाले गडी?"