आडवे होण्याची सनद

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी, एकवीस तोफांची सलामी घेऊन आणि चौदा डब्यांतून चारशे निमंत्रितांना मिरवीत जेव्हा ठाण्यास येऊन पोहोचली, तेव्हा त्या मान्यवर मंडळींच्या फराळाचा बंदोबस्त स्थानकापाशी तंबू ठोकून मोठ्या इतमामाने करण्यात आला होता, हे ठाणेकर मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु त्या तंबूच्या कनातीबाहेर उभे राहून ज्या ठाणेकरांनी हा सोहळा पाहिला असेल, त्यांच्या पदरात काय पडले याचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आलेला नाही. माझे अनुमान असे की, कनातीच्या आत काय वाढले जात आहे याविषयीचे अपार कुतूहल तेवढे त्यांच्या पदरात पडले, आणि तेच वंशपरंपरेने आम्हां वर्तकनगरच्या रहिवाशांपर्यंत, कोणत्याही वारस-नोंदीवाचून, बिनतक्रार चालत आले.

मी स्वतः हयातभर कनातीबाहेरचाच मनुष्य. फोर्टातील ओल्ड कस्टम हाऊसमध्ये, मुंबई शहराच्या जिल्हाधिकारी कचेरीत, कारकून म्हणून चिकटलो आणि अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो. आणि या दोन घटनांच्या दरम्यानचा काळ मी प्रामुख्याने लोकलमध्ये, तीन माणसांसाठी बांधलेल्या बाकावर चौथा म्हणून, देहाचा एक अंश टेकवून व उरलेले तीन अंश ईश्वराच्या हवाली करून व्यतीत केला. चौथ्या सीटवर बसणाऱ्याला झोप येत नाही असा एक गैरसमज पहिल्या वर्गाचा पास काढणाऱ्या लोकांत प्रचलित आहे. वस्तुतः तेथे लागणारी झोप इतकी गाढ असते की, मुलुंड सुटल्याबरोबर आपोआप डोळे उघडण्याची जी सिद्धी ठाणेकराला प्राप्त झालेली असते, ती नसती तर निम्मे ठाणे रोज संध्याकाळी कल्याणला सापडले असते. रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग रद्द केला, म्हणजे पाटी बदलली. बाके तीच राहिली आणि बाकावरची माणसेही.

अशा मनुष्याला लंडनला असलेल्या त्याच्या कन्येने, कार्डावर साठलेल्या गुणांच्या मोबदल्यात, सपत्नीक बिझनेस क्लासचे तिकीट पाठवावे आणि वर दूरध्वनीवरून, "बाबा, रात्रीचं विमान आहे, मस्त झोपा हं! सीट अगदी आडवी होते," अशी ताकीद द्यावी, हा दैवाचा विनोद नव्हे तर काय? ही वार्ता आमच्या म्हाडाच्या इमारतीत दुसऱ्या दिवशीच्या दुधाबरोबर घरोघर पोहोचली आणि सल्लागारांची रीघ लागली. ज्यांनी विमान फक्त येऊरच्या डोंगरावरून जाताना पाहिले होते, त्यांचे सल्ले विशेष तपशीलवार होते. तळमजल्यावरच्या एका तरुणाने, "काका, लाऊंजमध्ये सगळं फुकट असतं, घरून जेवून जाऊ नका," असे बजावले, त्यावर आमच्या सौभाग्यवतीने, "फुकटचं पोटाला झेपत नाही. मी पिठलं-भात टाकणार आहे, खाऊन निघू," असा हुकूम फर्मावून तो विषय दप्तरी दाखल केला.

सौभाग्यवतीला त्या तिकिटाचे महत्त्व वेगळ्याच कलमाखाली पटलेले होते. आसन आडवे होते की उभे राहते याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. माणशी बत्तीस किलोंचे दोन नग नेण्याची मुभा आहे, हे वाक्य मात्र तिने मला पुन्हा वाचायला लावले. मग गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचे पीठ, कोकम, आणि लंडनमध्ये मिळत नाही अशी तिची खात्री असलेली हळद, यांचा जो संभार जमला, तो पाहता ईस्ट इंडिया कंपनीचे लोक ज्या मालासाठी इकडे आले तो आता आपण होऊन तिकडे परत निघाला आहे असे वाटावे. दूधदुभत्याचे व मांसाचे पदार्थ बरोबर नेण्यास विलायत सरकारची बंदी असल्यामुळे पेढे तेवढे वगळावे लागले. ते सल्लागार मंडळाने जागीच निकालात काढले.

या वर्गाची उत्पत्ती मी पूर्वीच वाचून ठेवली होती. कारण कोणत्याही प्रकरणाची पूर्वपीठिका पाहिल्यावाचून त्यावर शेरा मारू नये, हा माझा नोकरीतला शिरस्ता. अनेकांची समजूत अशी असते की, प्रवाशांना सुख द्यावे या भूतदयेतून बिझनेस क्लास निघाला. मुळात तो एका तक्रारीतून निघाला. १९७० नंतरच्या दशकात सवलतीच्या भाड्याची तिकिटे निघाली आणि पूर्ण भाडे भरून कामकाजासाठी जाणाऱ्या गृहस्थाच्या शेजारी, निम्म्याहून कमी पैसे भरून सहलीला निघालेले कुटुंब, मुलाबाळांसह, येऊन बसू लागले. आसन तेच, जेवण तेच, आणि वर शेजारच्या पोराची लाथ. या गृहस्थांनी जो गिल्ला केला त्याची दखल घेऊन १९७८ च्या सुमारास पॅन अमेरिकन आणि ब्रिटिश एअरवेज यांनी, आणि १९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने, त्यांची वेगळी सोय केली. आरंभी ही सोय म्हणजे फारसे काही नव्हते. मध्ये एक पडदा, आणि पडद्याच्या पुढच्या बाजूस मद्य फुकट. स्वतःला अधिक मिळावे यापेक्षा शेजाऱ्याला तेवढेच मिळू नये ही प्रेरणा मानवजातीच्या प्रगतीला किती पोषक ठरते, हे आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेस एकदा तरी हजर राहिलेल्या मनुष्यास निराळे समजावून सांगावे लागू नये.

पुढे २००० साली ब्रिटिश एअरवेजने या वर्गातही पूर्णपणे सपाट होणारे आसन आणले आणि मग पडद्यापुढचा मनुष्य झोपू लागला. त्या रचनेत लगतची दोन आसने परस्परांकडे तोंड करून असत, म्हणजे उशीवर डोके टेकताच समोर हातभर अंतरावर एक संपूर्ण अपरिचित मुद्रा दृष्टीस पडे. मध्ये एक लहानसा पंख्यासारखा उघडमीट होणारा आडपडदा असे, पण तो प्रथम कोणी ओढायचा हा शिष्टाचाराचा प्रश्न कित्येक सभ्य गृहस्थांना अटलांटिक ओलांडेपर्यंत सुटला नसेल.

रात्री कॅडबरी जंक्शनवरून महामार्गाला लागून, पवईमार्गे आम्ही सहारच्या दोन क्रमांकाच्या टर्मिनलात, २०१४ साली उघडलेल्या त्या मयूरपंखी खांबांच्या वास्तूत दाखल झालो आणि यथाकाल लाऊंजाच्या दाराशी पोहोचलो. असे पहिले दालन अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर काढले आणि त्या कंपनीची विमाने 'फ्लॅगशिप' म्हणवीत म्हणून त्याचे नाव 'ॲडमिरल्स क्लब' ठेवले, तेव्हा आत फक्त बड्या असामींना आमंत्रणावरून घेत. आता काळ लोकशाहीचा आहे. आपल्याकडे बँकेच्या कार्डावर दोन रुपये वळते करून लाऊंजात सोडण्याची सवलत निघाल्यापासून देशांतर्गत प्रवाशांच्या अशा रांगा लागू लागल्या की, गर्दीपासून बचाव व्हावा म्हणून काढलेल्या दालनात शिरण्यासाठी गर्दीत तिष्ठत राहावे, असा योग नित्याचा झाला. तेव्हा बँकांनी 'आधी अमुक इतका खर्च करून दाखवा, मग फुकट जेवा' अशी शर्त घातली. आमच्या हाती मात्र तिकिटाचीच सनद असल्यामुळे, रांगेकडे न पाहण्याचा आव आणून पाहत, आम्ही आत गेलो.

आत अन्नाची रेलचेल होती. पाच खंडांतील पदार्थ झाकणांखाली मांडलेले असताना त्या दालनातील यच्चयावत मराठी माणसे ज्या एका थाळीभोवती जमली होती, तीत सुपारीएवढे वडापाव काड्या खोचून ठेवले होते. मामलेदार मिसळीपुढे घाम पुसत वाढलेल्या माझ्या जिभेने तो वडा ओळखण्यापूर्वीच तो संपला. पोटातल्या पिठल्याने पुढील चौकशीस नकार दिला. पण माझे खरे दुःख अन्नाचे नव्हते. त्या दालनात कमालीची शांतता होती. कोणते विमान कोणत्या दारातून सुटेल हे कोणीही मोठ्याने सांगत नव्हते. ज्याच्या कानाला 'कृपया लक्ष द्या' या मंगलाचरणावाचून हलण्याची सवय नाही आणि फलाट आयत्या वेळी बदलतो हे ज्याचे जीवनविषयक तत्त्वज्ञान आहे, त्या मनुष्याला ही शांतता विश्रांती कशी देणार? कमरेइतक्या खोल कोचावरून दर थोड्या वेळाने उठून मी भिंतीवरचा फलक वाचून येत होतो, आणि दर खेपेस उठण्यासाठी मला सौभाग्यवतीचा हात लागत होता. "अहो, बसा ना जरा," ती अखेरीस म्हणाली, "विमान काही विंडो सीट पकडायला लावत नाही इथे."

विमानात पाऊल टाकताच आम्हांला डावीकडे वळवण्यात आले. चिमट्याने वाफाळता रुमाल दिला गेला. मला नावानिशी अभिवादन झाले. आणि आसनाच्या हातावरील पटावर, बसलेल्या, रेललेल्या व संपूर्ण निजलेल्या अशा एकाच मनुष्याच्या तीन आकृती कोरलेल्या आढळल्या. पाय कोठे जातात याचा शोध घेता, ते पुढच्या प्रवाशाच्या आसनाखालील एका काळोख्या कोनाड्यात, समोरच्या कपाटात शिरल्यासारखे, सरकवायचे असतात असे निष्पन्न झाले. विमानाने आकाशात स्थैर्य धरले, तोच सौभाग्यवतीने निजलेल्या मनुष्यावर बोट दाबले, विमान कंपनीच्या दुलईवर आपली शाल पसरली, "मी आडवी होते हो," असे सांगितले, आणि ती खरोखरच आडवी झाली. जेवण तिने पाहिलेही नाही. "जेवण येतंय अगं," मी म्हटले. "पिठलं-भात झालाय," असा जबाब शालीखालून आला, आणि त्यानंतर हीथ्रो येईपर्यंत तिकडून काही आले नाही.

मला मात्र आता त्या व्यवहारातील मूलभूत घोटाळा दिसू लागला. मागल्या वर्गाच्या तिप्पट-चौपट भाडे घेऊन कंपनी प्रामुख्याने जी वस्तू विकते ती झोप. आणि झोप ही वस्तू अशी विलक्षण की, तिचा उपभोग घेणाऱ्याला उपभोगाच्या समयी तिचा पत्ताच नसतो. भाडे भरलेला माल ताब्यात आला की मालक तेथे हजर नाही, आणि मालक हजर राहिला तर माल ताब्यात येत नाही. नऊ-दहा तासांच्या त्या मार्गावर मी तासाचा दर काढून पाहिला, तो वर्तकनगरात एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याच्या आसपास येत होता. एवढे भाडे चढत असताना डोळे मिटणे हा सरकारी मालमत्तेकडे केलेला अक्षम्य कानाडोळा आहे, असे माझ्यातील अव्वल कारकुनाने बजावले आणि मी मालाची रुजुवात घेण्यास बसलो. मोजे, डोळ्यांवरची पट्टी, कानांतले बोळे, करंगळीएवढी दंतमंजनाची नळी. ही सारी झोपेची अवजारे मी जागेपणी वापरून पाहिली. पट्टी बांधल्यावर काहीच दिसत नाही, अशी नोंद केली.

पलीकडच्या आसनातील एक तरुण, समोर आलेल्या खाद्यपत्रिकेकडे ढुंकूनही न पाहता, कानांत बोळे घालून निद्राधीन झाला. जन्मतःच या वर्गात असणाऱ्यांची ही खूण असावी. त्यांना सारे इतके सुलभ असते की ते घेतही नाहीत. मी पत्रिका शेवटपर्यंत वाचली आणि वाचलेल्याचा मान राखला. नकाशाच्या पडद्यावर आमचे इवलेसे विमान पश्चिमेकडे सरकत होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' याच मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे मुक्काम करीत लंडनला गेले, तेव्हा त्यातील प्रवाशांत राजेरजवाडे होते. आणि त्याच्या आधीच, १९४६ साली, एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी सुप्रसिद्ध महाराजा घडवला होता. फेटा, मिशा, छातीवर हात आणि कमरेत वाकलेला तो महाराजा मी लहानपणापासून चित्रांत पाहत आलो, पण त्याचे डोळे मिटलेले असतात या गोष्टीचा खरा अर्थ मला त्या रात्री कळला: तो नम्र नव्हे, जागरणाने पेंगुळलेला होता.

मध्यरात्र उलटल्यावर पाय मोकळे करण्याच्या मिषाने मी तो ऐतिहासिक पडदा किंचित बाजूला केला. अंधारात ओळीने माणसे बसलेली होती. कोणाची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर, कोणाचे मूल आईच्या अंगावर आडवे, कोणाचे तोंड उघडे. आणि सारी घोरत होती. इतकी निःशंक, सर्वंकष, बिनभाड्याची झोप मी फक्त रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये पाहिली आहे. तेवढ्यात मागून एका परिचारिकेने अदबीने विचारले की साहेबांना काही हवे आहे काय. मला पडद्यापलीकडची एक जागा हवी होती. पण तशी मागणी करण्याचा अर्जाचा नमुना त्यांच्याकडे नसावा, म्हणून मी नूडल्स मागितल्या.

हीथ्रोला कन्या घ्यायला आली होती. "आई, झोप झाली?" "छान झाली गं. उशी जरा मऊ होती." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून कन्येने मला प्रश्न विचारण्याचे टाळले. तिच्या घरी पोहोचताच मी दिवाणखान्यातल्या, कसल्याही कळ-बटणांवाचूनच्या सोफ्यावर बसलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. लंडन शहर त्या अवधीत जसेच्या तसे होते असे समजले.

"बाबा," जेवताना कन्या जराशी ओशाळून म्हणाली, "जाताना मात्र पॉइंट्स पुरले नाहीत. परतीचं तिकीट साधं आहे, मागचं."

"बरं झालं," आमटी वाढता वाढता सौभाग्यवती म्हणाली, "जाताना तरी झोपतील. पण माझ्या सामानाचं काय? बत्तीस-बत्तीस किलो आता कसं नेऊ देतील?"