पालीचं कौतुक

“कासव? कासवच का?” काकूंनी हातातली नळी बंद केली. झाडांना पाणी घालता घालता त्यांनी नळी बंद केली की विषय त्यांच्या आवडीचा आहे, हे आता मला पाठ झालंय.

मी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून सगळी हकीकत सांगितली. सोन्याच्या वर्गातल्या कुणाकडे तरी कासव आहे, म्हणून यालाही हवं. फिशटँकच्या दुकानात चौकशी करून आले. दुकानदार म्हणाला, भुंकत नाही, केस गळत नाहीत, दोन दाणे टाकले की झालं, आणि आहे एवढंच राहतं.

“एवढंच राहतं म्हणाला? डोळ्यांमागे लाल पट्टा होता का त्याच्या?”

“दुकानदाराच्या?”

“कासवाच्या गं!”

“हो, होता. तुम्हाला कसं ठाऊक?”

“सगळीकडे तेच विकतात. अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. आज रुपयाएवढं दिसतंय, पण मादी वाढता वाढता जवळजवळ फूटभर होते. आणि जगतं वीस-तीस वर्षं. सोन्या आठ वर्षांचा ना? तो उद्या नोकरीला बंगळुरूला जाईल, लग्न करेल, आणि तू इथे कासवाचं घाण पाणी उपसत बसशील. त्याला मोठी टाकी लागते, फिल्टर लागतो, पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा आणि वर दिवा लागतो. काचेच्या वाटीत चार शिंपले टाकून ठेवतात ना, ते निव्वळ हाल. मग कंटाळले की गाडीत घालायचं, तळ्यात सोडायचं आणि पुण्य लागलं म्हणायचं. तिथली आपली गरीब कासवं राहतात बिचारी उपाशी. जगातल्या उपद्रवी परक्या जीवांची शंभर नावांची यादी आहे, तीत हे महाशय आहेत.”

काकू मुलीकडे न्यू जर्सीला राहून आल्यापासून त्यांच्या बोलण्यात असे तपशील येतात. एरवी परतलेली माणसं तिथल्या रस्त्यांचं कौतुक करतात. काकू पालीचं करतात. त्यांच्या नातवाने लेपर्ड गेको पाळलाय. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली वीतभर पाल.

“मी आधी घरात पाऊल टाकायला तयार नव्हते,” काकू म्हणाल्या. “आयुष्यभर झाडूने पाली हाकलल्या, आणि इथे तिला चिमट्याने भरवायचं? पण आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी ती नाहीच गं. हिच्या बोटांना चिकटायच्या गाद्या नसतात, त्यामुळे काचेवर चढत नाही. पापण्या असतात, चक्क डोळे मिटते. आणि शी एकाच कोपऱ्यात करते. आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत ओला टॉवेल एका जागी ठेवता आला नाही.”

“आणि खाते काय?”

“रातकिडे नि अळ्या. जिवंत. पालापाचोळा तोंडात धरत नाही. आणि ते किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे, पिठीसाखरेत शंकरपाळे घोळवतो ना तसे. नाही घोळवले तर हाडं मऊ पडतात तिची, पाय वाकडे होतात. पूर्ण वाढली की एक दिवसाआड खाणं. एकदा किड्यांचा डबा उघडा राहिला आणि रात्रभर हॉलमध्ये किर्रर्र! जावई हातात बॅटरी घेऊन सोफ्याखाली.”

मी हसले, तशी काकू भिंतीच्या आणखी जवळ आल्या. आता आतली बातमी येणार.

“जावयाला आधी साप आणायचा होता. कॉर्न स्नेक. गरीब असतो म्हणे, हाताळू देतो. पण त्याचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर, आणि ते ठेवायचे फ्रीजरमध्ये. मी म्हटलं, माझ्या उकडीच्या मोदकांच्या शेजारी गणपतीचं वाहन गोठवून ठेवणार असाल, तर मी परतीचं तिकीट काढते. तिथे सापाचा विषय संपला.”

“आणि तो दाढीवाला सरडा? सोन्याने व्हिडिओ दाखवला होता मला.”

“बिअर्डेड ड्रॅगन. खरं सांगू? लेकरांना तोच जास्त आवडतो. दिवसा जागा असतो, खांद्यावर बसतो, पुढचा पाय हलवून टाटा केल्यासारखं करतो. पण लाड फार त्याचे. चार फुटी टाकी, शेकायच्या जागेला चाळीस अंश ऊन, शिवाय अतिनील किरणांचा वेगळा दिवा, आणि तो दिसायला चालू असला तरी ठरावीक महिन्यांनी बदलायचा. रोज भाजी चिरून द्यायची ती वेगळीच. गेकोचं आटोपशीर असतं. एका बाजूला बत्तीस अंशांची ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, लपायला दोन-तीन जागा, बस. आणि संध्याकाळी उठते. पोरगं शाळेतून येऊन, खेळून, दूध पिऊन होतं तेव्हा हिची सकाळ होते. मूळची कुठली माहितीये? पाकिस्तान, अफगाणिस्तान. आता तिथे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच जन्मतात. आणि पंधरा-वीस वर्षं हीसुद्धा जगते हो, वर्षभराचा खेळ नाही. लेकीने नातवाला आधी तीन महिने नुसतं वाचायला लावलं, मग आणली.”

“चावत नाही?”

“क्वचित. पण घाबरली तर शेपूट टाकून देते. नवी येते, पण जरा बेढब. म्हणून शेपटीला धरायचं नाही आणि वरून झडप घालायची नाही, तळहात पुढे करून वाट बघायची. आणि हात धुणं! लेक त्या बाबतीत कर्दनकाळ. या सगळ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, प्राणी ठणठणीत दिसला तरी. टाकीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न्यायची नाहीत. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर आणूच नका म्हणतात तिकडचे डॉक्टर. तुझी ती बोटभर कासवं पोरं तोंडात घालायची, म्हणून चार इंचांहून लहान कासव विकायला अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे. आणि तुझा दुकानदार रुपयाएवढी विकतोय.”

“म्हणजे कासव गेलं,” मी म्हटलं. “मग इथे मिळेल का हो ही तुमची पाल?”

“दुकानदार काय, सुसरसुद्धा आणून देईल. आपल्याकडचे साप, घोरपडी, कासवं तर १९७२ च्या कायद्याने पाळताच येत नाहीत. परदेशी जातींतल्या कितीतरींची २०२४ पासून सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. त्यामुळे आधी त्याला कागद विचार. कागद म्हटल्यावर कसा सूर बदलतो बघ. मग डॉक्टर विचार. आपल्या चौकातला कुत्र्यामांजरांचा, पालीला तो काय तपासणार? आणि मुख्य म्हणजे तू. परवा भिंतीवर पाल दिसली तेव्हाची तुझी किंकाळी माझ्या देवघरात ऐकू आली. पहिल्यांदाच पाळणाऱ्या पोरासाठी गेकोसारखी दुसरी नाही, पण तुझ्या घरी नको.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोन्याला काय सांगायचं, एवढंच विचारलं.

“त्याला कात्रजला ने, सर्पोद्यानात. फक्त बुधवारी नको, बंद असतं. नीलिमकुमार खैरेंची गोष्ट सांग. १९८० साली इथे पुण्यात काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास राहिले होते. केवढी गर्दी लोटायची बघायला! आणि संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात पाठव. ट्यूबलाइटपाशी पाली जमतात. कोण किती किडे खातं ते लिहून ठेव म्हणावं वहीत. टाकी नको, कॅल्शियम नको.”

तेवढ्यात काकूंनी रस्त्याकडे एक नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणला.

“कासवावरून आठवलं. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात आहे, ठाऊक आहे ना? पाठीवर चांदण्या असलेलं. स्टार कासव. कुणीतरी सांगितलं, उत्तरेला ठेवा, पैसा येतो.”

“आला का?”

“कसला! मुलाचं दुकान बसलं. आणि ते त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर, पकडलं तर कमीत कमी तीन वर्षं आत. वन खात्याचा १९२६ नंबर आहे, मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. म्हातारी माझ्या भजनी मंडळातली आहे गं.”

“मग?”

“तिच्या सुनेला गाठते शुक्रवारी भिशीला. सासूचं काहीही बाहेर काढायला ती कधी मागे राहिलीये?”