आजी, अंगठा नीट दाबा

परवा तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात बसून होतो. माझं काम उत्पन्नाच्या दाखल्याचं, पण रांग अडली होती एका आजींच्या अंगठ्यापाशी. "आजी, नीट दाबा." दाबला. लाल. "दुसरं बोट द्या." दिलं. लाल. "पदराला पुसा." पुसलं. लाल. दहाही बोटं झाली. खुरपं धरून धरून रेषाच झिजलेल्या. शेतकरी असल्याचा इतका सज्जड पुरावा त्या यंत्रासमोर क्वचितच आला असेल, आणि नेमका तोच त्याला पटेना.

आजी आल्या होत्या सन्मान घ्यायला. योजनेच्या नावातच तो आहे. गावात मात्र 'किसान सन्मान निधी' कुणी म्हणत नाही, "मोदींचे दोन हजार पडले का?" एवढंच विचारतात. ते वर्षातून तीनदा, म्हणजे 6000. भागून पाहा: दिवसाला 16 रुपये 44 पैसे. तो चालू राहावा म्हणून ई-केवायसी हवी, आणि केंद्रावर तिच्यासाठी अंगठा लावायचा ठरलेला दर 15 रुपये. त्या दिवशीचा सन्मान उरला 1 रुपया 44 पैसे. तोही आजींची पंचाहत्तरी उलटलीय आणि एसटी फुकट आहे म्हणून.

2019 पासून 6000 चा हा आकडा जागचा हललेला नाही. खुरपणीच्या मजुरीला एवढा संयम काही जमला नाही. राज्याने 2023 मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान' काढला, त्याचेही 6000. सन्मानाला 'महा' लागला, रक्कम तेवढीच. मग कुणा हिशेबी डोक्याच्या लक्षात आलं, की या दोन्ही मिळून शेतकरी बाईला महिन्याला 1000 जातातच. तेव्हा 'लाडकी बहीण' योजनेचे 1500 तिला कशाला, 500 पुरेत. बहीण तीच. सातबाऱ्यावर नाव निघालं, की लाड हजाराने कमी.

पण खरी मजा किसान सन्मानाच्या नियमात आहे. जमीन 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत नावावर झालेली हवी. त्यानंतर विकत घेतलीत, बापाने हयातीत वाटून दिली, बक्षीसपत्र करून दिली, तर तुम्ही यादीत नाही. वारसाने आली तर मात्र आहात. थोडक्यात, बाप गेल्याशिवाय पोराचा सन्मान सुरू होत नाही. भावाभावांत डोकी फुटायला नकोत म्हणून जिवंतपणी वाटण्या करणारा बाप या हिशेबात खुळा, आणि सातबारा शेवटपर्यंत उशाखाली ठेवणारा धोरणी. (तलाठ्याकडे वारसनोंदीला किती खेटे घालावे लागतात, तो वेगळा विषय.) दुसऱ्याचं रान खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्याचा तर प्रश्नच येत नाही. तो नुसती शेती करतो.

इकडे केंद्रातल्या पोराने शेवटी मोबाइल काढला. 2023 पासून चेहऱ्यावरही भागतं.

"आजी, इकडं बघा. आता डोळे मिचकावा."

आजींनी आधी रांगेकडे पाहिलं, मग पोराकडे. "सरकारला डोळा मारू व्हय रं, या वयात?"

रांग खदखदली. आजींनी पदर सावरला, मोबाइलकडे रोखून पाहिलं आणि मारला. हिरवी खूण आली.

"झालं," पोरगा म्हणाला. "पंधरा रुपये."