कॅन्सरचा फैलाव रोखणारी गोळी: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

स्तनाच्या कॅन्सरनं होणारे बहुतेक मृत्यू स्तनातल्या गाठीमुळे होत नाहीत. कॅन्सर हाडांत, फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत पोचल्यामुळे होतात. तेव्हा त्याला वाटेतच अडवणारा एखादा छोटा रेणू शोधायचा. काम एवढंच.

१. पेशी निवडा. स्तनाच्या कॅन्सरच्या एमडीए-एमबी-२३१ चालतील. एमडीए-एमबी-४३५ मात्र नकोत. स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून त्या वर्षानुवर्षं जगभर वाढवल्या गेल्या आणि शेवटी त्वचेच्या कॅन्सरच्या, मेलॅनोमाच्या निघाल्या. तोवर शेकडो पेपर छापून झाले होते.

२. ओरखडा काढा. डिशमध्ये पेशींनी सलग थर धरला की पिपेटच्या टोकानं मधोमध रेघ ओढा. दोन्ही काठांच्या पेशी सरकत येतात आणि दिवसभरात फट बुजवू लागतात. तुमचा रेणू टाकल्यावर फट उघडीच राहिली, तर पेढे वाटण्याआधी पेशी जिवंत आहेत ना, ते बघा. मेलेली पेशीही जागची हलत नाही.

३. रेणू आटोपशीर ठेवा. रेणूभार ५०० डाल्टनच्या आत असलेला बरा, म्हणजे गोळी पोटातून रक्तात उतरेल. पाण्यात विरघळत नसेल तर डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. रुग्णाच्या रक्तात डीएमएसओ नसतं, पण ती डोकेदुखी पुढच्या टीमची.

४. उंदीर बरा करा. उंदराच्या मादीच्या स्तनात ४टी१ या उंदराच्याच स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी टोचा. काही आठवड्यांत फुप्फुसांवर गाठी दिसतात. औषध टोचल्या दिवसापासूनच सुरू करा, आलेख देखणा येतो. बाई दवाखान्यात येते तेव्हा गाठ किती जुनी असते, हा प्रश्न कुणी विचारलाच तर पुढची स्लाइड लावा.

५. माणसांकडे वळा. कॅन्सरच्या पेशी भोवतालचं जाळं एन्झाइमांनी कापत पुढे सरकतात. ही एन्झाइमं अडवणारं मारिमास्टॅट उंदरांत चाललं होतं. स्तनाचा कॅन्सर आधीच पसरलेल्या बायकांना ते दिलं, तेव्हा आजार हटला नाही, सांधे मात्र धरले. वरातीमागून घोडं! लवकर द्यावं, तर हजारो बायका आणि कित्येक वर्षं लागतात, कारण हार्मोनवर पोसलेला कॅन्सर २० वर्षांनीही परततो. पेटंटची मुदतही २० वर्षांचीच. हिशेब तुम्हीच करा.

६. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा पेपर वाचा. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांची चाचणी घेतली. त्यांतल्या निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं. तेच, दात काढताना देतात ते. २०२३ साली निकाल छापून आला: पाच वर्षांत कॅन्सर दूरच्या अवयवांत उगवण्याचं प्रमाण ११.६ टक्क्यांऐवजी ८.५ टक्के. लिडोकेन हाही छोटाच रेणू, जेमतेम २३४ डाल्टनचा. नवं काही असेल तर ती वेळ: गाठीला हात लावण्याच्या आधीची.

गुंतवणूकदारांपुढे मात्र ही सहावी पायरी गाळा. कुपीची किंमत ऐकली की ते चहा न घेताच उठतात.