नावं ठेवावीत तर बेकरीत

पानातल्या पदार्थाला नावं ठेवू नयेत, असं आपल्याला लहानपणीच बजावलेलं असतं. मेक्सिको सिटीतल्या कुठल्याही गल्लीतल्या पानादेरियात, म्हणजे पावाच्या दुकानात, ही शिकवण चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवावी लागते. आत शिरताच पत्र्याचं गोल ताट आणि चिमटा उचलायचा, फळ्यांवरून हवं ते आपल्या हाताने घ्यायचं आणि गल्ल्यावर मोजून द्यायचं. चिमटा हातात आला की माणूस तो न्हाव्याच्या कात्रीसारखा उगाच दोनदा वाजवतोच. फळ्यांवर कोन्चा म्हणजे शिंपला, बिगोते म्हणजे मिशी, ओरेहा म्हणजे कान, बेसो म्हणजे चुंबन, शिवाय बैलाचा डोळा आणि गुळाचं डुक्कर. ‘दोन कान, एक मिशी आणि चार चुंबनं द्या’ ही मागणी इतरत्र केली तर पोलीस येतील. इथे कागदी पिशवी मिळते. प्रवासी या नावांना हसतो आणि पुढे पिरॅमिड बघायला जातो. त्याने थोडं थांबावं. ही नावं म्हणजे परकं खाणं पचवण्याचं मेक्सिकोचं पाचक चूर्ण आहे.

पचवण्यासारखं होतंही बरंच. मक्यावर सुखाने जगणाऱ्या या मुलखात सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गहू आणला. मागाहून फ्रेंच मिठाईवाले आले. मेक्सिकन अधिकाऱ्यांनी आपल्या दुकानाची नासधूस केली, अशी तक्रार करून त्यांतल्या एकाने ६० हजार पेसो भरपाई मागितली. फ्रान्सच्या राजाने त्यात इतरांचे दावेही मळले, रक्कम ६ लाखांपर्यंत फुगवली आणि १८३८ साली त्याच्या आरमाराने वेराक्रूझच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. इतिहासात या लढाईचं नावच ‘पेस्ट्रीचं युद्ध’ आहे. बेकरीच्या बिलापायी एवढा मार खाल्लेला दुसरा देश जन्मभर भाकरीवर राहिला असता. मेक्सिको मात्र पेस्ट्री खात राहिला. पोर्फिरिओ दीआसच्या राजवटीत तर फ्रेंच थाटाचा बोलबालाच होता. बदललं ते बारसं. क्रोसाँ म्हणजे फ्रेंचांची चंद्रकोर; तिचं इथे कुएर्नो, म्हणजे शिंग झालं. आकाशातून थेट गोठ्यात! पॅरिसमध्ये ताडाचं नाव मिरवणारी पेस्ट्री इथे कान होऊन बसली. तोफेला असं उत्तर कुठल्याही सेनापतीला सुचलं नसतं.

यावर कोणी म्हणेल, नाव बदललं तरी माल युरोपचाच. मग आपल्या मिरचीचं काय? मेक्सिकोच्या बाजूची ही पाहुणी पोर्तुगीजांबरोबर आली. आपण तिला मिऱ्याच्या घराण्यातलं नाव दिलं आणि आता ठेचा परदेशी आहे म्हणणाऱ्याला कोल्हापुरात पाणीसुद्धा मिळणार नाही. दुसरा आक्षेप असा, की यांतल्या पुष्कळ प्रकारांचं पीठ एकच. फरक फक्त आकाराचा. आक्षेप खरा आहे, पण शेव, पापडी आणि गाठ्या वेगवेगळ्या बरण्यांत ठेवणाऱ्या समाजाने तो घेऊ नये. तिसरा आक्षेप शाकाहाऱ्यांचा, आणि तो वजनदार आहे. इथल्या पावात डुकराची चरबी असू शकते, आणि ती डुक्कर-पावातच असेल असं नाही. सोज्वळ शिंपल्यातही असू शकते. तेव्हा रूपावर न जाता विचारून घ्यावं.

एवढ्यावरही ज्याचं समाधान होत नाही, त्याने फळ्यांवरच्या गोड मंडळींना ओलांडून बोलियोकडे जावं. हा साधा, लांबट, पोटावर चीर असलेला पाव फ्रेंच पावाचा पुतण्या मानला जातो. या शहराला भूकंपांची सवय आहे. जमीन हलून थांबली, कोणी फार घाबरलं, की शेजारीपाजारी सांगतात, ‘भीतीवर एक बोलियो खा.’ एकेकाळी पेस्ट्रीपायी तोफा डागून ज्यांनी या देशाला दचकवलं, त्यांच्याच पावाला इथे दचकण्यावरचा उतारा म्हणून कामाला लावलं आहे. भरपाई वसूल करण्याची ही रीत त्या मिठाईवाल्याला मात्र सुचली नाही.